कारखान्यातली तक्रार वेळेवर वर येत नाही. आपल्या परंपरेत यावर रोज चालणारी एखादी रीत आहे का?

लेथवाली

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून पुढे देतो. पंपाचे आणि ट्रॅक्टरचे भाग जास्त. बाबांनी दोन लेथवर सुरुवात केली, आता मी बघते. दोन्ही पाळ्या मिळून पंचवीस-तीस माणसं आहेत.

अडचण अशी की काही बिघडलं की सगळ्या शॉपला माहीत असतं, माझ्यापर्यंत मात्र येत नाही. मध्यंतरी एका जॉबच्या बोअरचं माप थोडं थोडं वाढत गेलं. जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा एक क्लॅम्प ढिला झाला होता. ऑपरेटरला माहीत होतं, शेजारच्या मशीनवाल्याला माहीत होतं. मला कळलं ते गिऱ्हाइकाकडून माल परत आला तेव्हा. ऑपरेटर म्हणाला, "ताई, मी सुपरवायझरना सांगितलं होतं." सुपरवायझर म्हणाले, "मला वाटलं, मेन्टेनन्सवाल्यांनी बघितलं असेल." कुणी खोटं बोलत नव्हतं, तरी अख्खी लॉट गेली.

सूचनापेटी लावून पाहिली. बोनसबद्दलच्या एका चिठ्ठीपलीकडे तिच्यात काही पडलं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांच्या देखत लिहायला कुणी धजावत नाही. सल्लागार येऊन जपानी पद्धती शिकवून गेले. त्या चांगल्या आहेत, पण आमच्या माणसांच्या अंगवळणी पडल्या नाहीत. उद्योजकांच्या एका मेळाव्यात वक्ते म्हणाले, सगळं आपल्या संस्कृतीत आहे, गीता वाचा, चाणक्य वाचा. वाचेन की. पण मला श्लोक नको आहे, रीत हवी आहे. हजारो माणसं वर्षानुवर्षं एकत्र येऊन एखादं मोठं काम करत असतील, तर त्यांच्यातही कुरबुरी होतच असणार. त्या वर कशा येतात? ऐकतं कोण? कुणी जवळून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

बॉयलर_अटेंडंट

ताई, प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. माझी नोकरी साखर कारखान्यात बॉयलरवर गेली आणि घरात वारी आजोबांपासून. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर आमच्या गावची दिंडी चालते, तिच्यात मी टाळकरी. तुम्ही विचारलंत ते मी दरवर्षी संध्याकाळी तळावर बघतो. त्याला समाजआरती म्हणतात. टीव्हीवर रिंगण दाखवतात, दिवे घाट दाखवतात, आरतीआधी काय होतं ते फारसं कुणी दाखवत नाही.

आधी रचना सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आत्ताचा हा सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी लावून दिला. ते मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज कशी चालते हे माहीत असलेला माणूस भक्तीत आला आणि त्याने वारीला शिस्त दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे येतात ते तेव्हापासून. दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथापुढे, बाकीच्या रथामागे, आणि आपला क्रम कुणी मोडत नाही. दिंडीत पुढे पताका, मग दोन्ही बाजूंनी टाळकरी, मध्ये मृदंग, मग वीणेकरी, मागे तुळस आणि पाण्याची हंडी घेतलेल्या बायका. वीणा दिंडीत एकच. वीणेकरी ज्या अभंगाला हात घालतो तोच सगळ्यांचा.

आता संध्याकाळ. तळावर पालखी येते. सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम चालू असतात, शेजारच्याचं बोलणं कानाशी तोंड आणल्याशिवाय ऐकू येत नाही. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे, चांदीचा दंड वर करतात आणि "होऽऽ" अशी आरोळी देतात. त्या क्षणी टाळ थांबतात, मृदंग थांबतो. एवढ्या मोठ्या माळरानावर लहान मूल रडलं तरी ऐकू येईल इतकी शांतता होते.

आणि या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात.

ते वाजले याचा अर्थ, आमची तक्रार आहे. मग चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात. दिंडीतल्या कुणाला पुढे यावं लागत नाही, अर्ज लिहावा लागत नाही. काय झालं ते तिथेच विचारतात, सोहळ्याच्या मालकांच्या आणि प्रमुखांच्या कानावर घालतात आणि काय करायचं ते ठरतं. तक्रारी साध्याच असतात. आमच्या जागेवर दुसऱ्यांनी तंबू ठोकले. वाटेत गाडी दिंडीत घुसली. क्रम सोडून कुणी पुढे आलं. नातेपुत्याच्या तळावर एकदा आमच्या पुढच्या दिंडीचे टाळ थांबेनात. त्यांना पाण्याचा टँकरच मिळाला नव्हता. दिवसभर चालून आलेली माणसं, पायाला फोड, पोटात भूक, आणि आरती त्या एका दिंडीपायी खोळंबलेली. तरी आजूबाजूने कुणी "आटपा आता" म्हणालं नाही. कारण उद्या आपल्यावर वेळ आली तर आपणही टाळ वाजवणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. टँकरचं ठरलं, टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आणि मग आरती झाली.

मी बॉयलरवर असताना याचा फार विचार केला. आमच्याकडे सेफ्टी मीटिंग असायची. साहेब विचारायचे, "कुणाला काही अडचण?" सगळे गप्प. साहेब म्हणायचे, "छान, म्हणजे सगळं ठीक आहे." तिथे गप्प बसणं सोपं आणि बोलणं अवघड. तळावर गप्प बसणं हेही एक उत्तर आहे. टाळ थांबवला म्हणजे "आमचं काही म्हणणं नाही" असं प्रत्येक दिंडी सगळ्यांच्या साक्षीने सांगते. दुसऱ्या दिवशी कुणाला "मी तर कालच सांगितलं होतं" म्हणायची सोय राहत नाही आणि "मला वाटलं त्यांनी बघितलं असेल" हेही उरत नाही. तुमच्या क्लॅम्पचं नेमकं तेच झालं.

दुसरं, हे तळावर घडतं आणि आरतीआधी घडतं. वेळ मिळाला तर ऐकू, असं नाही. तक्रार मिटल्याशिवाय माउलींची आरतीसुद्धा होत नाही, यापेक्षा मोठा मान तक्रारीला कुठे मिळणार? आणि तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: ज्याच्या हातात दंड आहे तो चालत जातो. केबिनचं दार उघडं ठेवलंय म्हणून माणसं आत येत नाहीत, ताई. बाहेर उभं राहून विचार करतात आणि परत फिरतात.

तुमच्या शॉपमध्ये पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसं एकत्र असतात. तेवढी पाच-दहा मिनिटं मशीन बंद ठेवा. प्रत्येकाने आपल्या मशीनपाशी उभं राहायचं. दिवा म्हणा, घंटी म्हणा, काहीतरी एक असं द्या की ज्याचं सगळं ठीक आहे त्याने ते बंद करायचं. ज्याचं चालू राहील त्याच्याकडे जायचं. मागचं मिटल्याशिवाय पुढची पाळी सुरू नाही.

---

उद्यमनगर

वरचं वाचून अंगावर काटा आला. मी छोटी भर घालतो. आपल्याकडे खंडेनवमीला मशीन पूजतात. कोल्हापुरात त्या दिवशी फाउंड्रीपासून सायकलच्या दुकानापर्यंत काम बंद. पण हार-नारळ हा शेवटचा भाग, त्याआधीचं काम बघा. ज्याची मशीन त्यानेच ती धुवायची, पत्रे खोलायचे, बेडखालची चीप, म्हणजे धातूचा कीस, काढायची. आमच्याकडे तेलाची गळती, झिजलेला पट्टा, तडा गेलेली गार्ड हे सगळं त्या दिवशी सापडतं, कारण वर्षातून एकदा माणूस घाई सोडून मशीनकडे बघतो. मी आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तासभर तेच करायला लावतो. नारळ खंडेनवमीलाच, सफाई मात्र दरमहा. त्या तासाचा पगार कापत नाही, हे मुद्दाम सांगतो.

---

दुसरी_पाळी

मी ऑपरेटर आहे, व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर. चाकणला. बॉयलरवाल्या काकांचं लिहिणं मनाला भिडलं, आमच्या आजीने वारी केलेली आहे. पण एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

वारकरी टाळ वाजवतो तेव्हा त्याची भाकरी पणाला लागलेली नसते. तो स्वतःच्या पायाने आलाय, दिंडीतल्या जेवणाखाण्याची भिशी स्वतः भरून आलाय. त्याला कुणी कामावरून काढू शकत नाही. आम्ही कंत्राटावर असतो. मी बोललो की पहिला प्रश्न येतो, "क्लॅम्प ढिला झाला तेव्हा मशीनवर कोण होतं?" इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, तुटला तर पैसे कापणारे मालक मी बघितलेत. रिजेक्शन कुणाच्या पाळीत झालं त्याचा बोर्ड लावतात, लाल शाईने. असा बोर्ड डोक्यावर असताना सगळ्यांसमोर दिवा चालू कोण ठेवणार? दिवे पहिल्या आठवड्यात लागतील, नंतर सगळे बंद दिसतील आणि मालकाला वाटेल की सगळं ठीक आहे. तुमचे साहेब म्हणायचे तसंच.

ताई, तुमच्याकडे कापतात का? आधी त्याचं उत्तर द्या. रीत कुठलीही आणा, वारीतली आणा नाहीतर जपानमधली.

---

चर्चगेट_स्लो

दुसरी_पाळी यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्यावर उत्तर मी घरात पाहिलंय. आमचे वडील मुंबईत डबे पोचवायचे. गाव खेड तालुक्यात. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर इथलीच बहुतेक माणसं या धंद्यात, आणि बहुतेक सगळी माळकरी.

डबेवाल्यांचं कौतुक परदेशातल्या विद्यापीठांनी केलं, २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स येऊन भेटले, हे सगळ्यांना माहीत आहे. लोक विचारतात, चूक इतकी कमी कशी होते? डब्याच्या झाकणावरच्या रंगांच्या आणि आकड्यांच्या खुणा दाखवतात. खुणा महत्त्वाच्या आहेतच, पण माझ्या मते खरं कारण पैशाच्या वाटणीत आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केलं असं मानतात. तेव्हा पगारी माणसं होती. पुढे टोळ्या झाल्या आणि टोळीतली माणसं हिस्सेदार झाली. गिऱ्हाइकांकडून आलेले पैसे एकत्र करायचे, रेल्वेचा पास, सायकल, हातगाडी यांचा खर्च काढायचा आणि उरलेल्याचे सारखे वाटे. मुकादमाचाही तेवढाच वाटा. मुकादम म्हणजे टोळीतलाच जुना, अनुभवी माणूस. ज्याने वर्षानुवर्षं डोक्यावर डबे वाहिलेत, त्यालाच सगळे मुकादम मानतात.

आता बघा, एखाद्याची सायकल पंक्चर झाली आणि तो गप्प बसला, तर गिऱ्हाईक सगळ्यांचं जाणार. म्हणून तो स्टेशनवर आल्या आल्या ओरडतो. टोळीत एक-दोन माणसं जास्तीची ठेवलेली असतात, ती लगेच त्याचे डबे उचलतात. "पंक्चर कशी झाली?" हे डबे पोचल्यावर. आधी डबे.

शिक्षा नाही असं नाही. टोपी घातली नाही, कामावर दारू प्यायली, तर दंड आहे, आणि तो सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. पण अडचण सांगितल्याबद्दल दंड झालेला मी वडिलांच्या तोंडून कधी ऐकला नाही. बेशिस्तीला दंड आणि अडचणीला हात, या दोन गोष्टी त्यांनी कधी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

लॉकडाऊनमध्ये लोकल बंद झाल्या आणि हा धंदा बसला. पुष्कळ जण गावी परतले ते कायमचे. त्या काळात वडिलांच्या टोळीने जे काही मिळालं तेही सारखंच वाटून घेतलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

---

बॉयलर_अटेंडंट

दुसरी_पाळी, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते मी लिहायला हवं होतं, इतकं नेमकं आहे. यावर एक गोष्ट नजरेला आणून देतो. तळावर तक्रार ऐकायला दिंडीप्रमुख जात नाहीत. वीणेकरीही नाही. चोपदार कुठल्याच दिंडीचे नाहीत, ते सोहळ्याचे आहेत. जागा बळकावणारी दिंडी आणि जिची जागा गेली ती दिंडी, दोघींनाही ते सारखे. म्हणून त्यांचा दंड वर गेला की भलेभले थांबतात.

तेव्हा ताई, हे काम सुपरवायझरना देऊ नका, कारण निम्म्या तक्रारी त्यांच्याच कामाबद्दल असणार. तुम्हीही करू नका. तुमच्याकडे असं कुणी आहे का, ज्याचं उत्पादनाच्या आकड्याशी देणंघेणं नाही, ज्याला कुणी घाबरत नाही आणि ज्याचा शब्द तुम्ही मोडणार नाही? असा माणूस बहुतेक ठिकाणी असतोच, फक्त त्याला कुणी काही विचारत नाही.

आणि चर्चगेट_स्लो, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. डबेवाल्यांची माणसं आषाढीला आमच्याबरोबर असतात, तेव्हा भेट होईलच.

---

दुसरी_पाळी

काका, चोपदाराचं पटलं. असा माणूस असेल तर मी बोलेन. पण पैसे कापणं थांबलं पाहिजे, आणि ते लिहून भिंतीवर लागलं पाहिजे. तोंडी नको. तोंडी आश्वासन मालक बदलला, मॅनेजर बदलला की जातं.

---

लेथवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी शॉपमध्ये बोलायचं होतं.

दुसरी_पाळी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: इन्सर्टचे पैसे आम्ही कापत नाही, बाबांच्या वेळेपासून नाही. पण रिजेक्शनचा बोर्ड होता, माणसाच्या नावानिशी. काल तो उतरवला. आता जॉब नंबर आणि कारण एवढंच लिहिणार, नाव नाही. आणि "बिघाड स्वतःहून सांगितल्याबद्दल कुणाचाही पगार, इन्सेंटिव्ह किंवा हजेरी कापली जाणार नाही" हे कंपनीच्या लेटरहेडवर छापून, सही-शिक्क्यासह गेटपाशी लावलंय. हजेरी हा शब्द दुसऱ्या पाळीतल्या एका मुलाने घालायला लावला. मला तो सुचलाच नसता.

चोपदार म्हणून आमच्या स्टोअरच्या मामांना विचारलं. बाबांच्या पहिल्या लेथपासूनचे आहेत. माप तपासायचे गेज देणं-घेणं त्यांच्याकडे, त्यामुळे कुठली मशीन कधी नाटक करते हे त्यांना बसल्या जागी कळतं. ते म्हणाले, "मी करतो, पण माझी एक अट आहे. मी 'मशीन बंद ठेवा' म्हणालो की बंद. मग डिस्पॅचचा फोन येऊ दे नाहीतर गिऱ्हाइकाचा." मी होय म्हटलं. सुपरवायझरना हे आवडलेलं नाही. त्यांच्याशी स्वतंत्र बोलले. जबाबदारी त्यांची आणि अधिकार मामांचा, असं त्यांना वाटतंय आणि त्यात तथ्य आहे. म्हणून असं ठरवलं की मामांनी मशीन थांबवली तर त्या तासांचा उत्पादनाचा आकडा सुपरवायझरच्या खात्यात धरायचा नाही. यावर ते तयार झाले.

मशीनवर दिवे आधीपासून आहेतच, काम करताना लागतात ते. पाळी बदलताना ज्याचं सगळं ठीक त्याने दिवा मालवायचा, आणि मामा पेटत्या दिव्यांकडे जाणार. सोमवारपासून सुरू. उद्यमनगर, तुमचा शेवटचा शनिवारही घेते आहे, त्या तासाच्या पगारासकट.

वाटणीचा विचार मात्र अजून चालू आहे. सारखा वाटा आमच्यासारख्या ठिकाणी जमणार नाही, कारण मशीन आणि कर्ज माझ्या नावावर आहे. पण रिजेक्शन कमी झालं की जे पैसे वाचतात, ते दोन्ही पाळ्यांत सारखे वाटावेत असं मनात आहे. इथे चर्चगेट_स्लो यांना विचारायचं आहे: टोळीत नवा माणूस आला की त्याला पहिल्या महिन्यापासून पूर्ण वाटा मिळायचा, की काही काळ कमी? आमच्याकडे सहा शिकाऊ मुलं आहेत आणि जुनी माणसं त्यावरून आत्ताच बोलायला लागली आहेत.

---

चर्चगेट_स्लो

ताई, आमच्याकडे नव्या माणसाला आधी ठराविक पगारावर ठेवायचे. तो लाइन शिकायचा, खुणा पाठ करायचा, आणि टोळीला भरवसा आला की हिस्सेदार व्हायचा. त्यासाठी त्याला पैसे भरून हिस्सा घ्यावा लागायचा, म्हणजे गिऱ्हाइकांचा ठरलेला संच त्याच्याकडे यायचा. वडिलांनी तो गावची म्हैस विकून घेतला होता. तुमच्या मुलांना पैसे भरायला लावू नका, पण भरवसा कधी आला हे जुन्या माणसांनाच ठरवू द्या, तुम्ही ठरवू नका. आणि शिकाऊ मुलाच्या मशीनचा दिवा पेटलेला दिसला, तर मामांना सांगा, पहिल्यांदा त्याच्याकडे जा.